ट्रान्समीटर दुपारीच का बंद पडतो: पॉवर सप्लाय आणि पंख्यांचे दोष शोधताना

मुंबईत ट्रान्समीटर दुरुस्तीचे बोलावणे बहुधा एकाच साच्यातले असते. रात्रभर यंत्र नीट चालले, दुपारी दोनच्या सुमारास आपोआप बंद पडले, अर्ध्या तासाने चालू केले तर पुन्हा सुरू झाले. हे ऐकून थेट पॉवर सप्लायचे मॉड्यूल बदलायला निघणारे पुष्कळ आहेत. गंमत अशी की नवे मॉड्यूल टाकल्यावर यंत्र काही दिवस चालतेही, कारण ते बदलताना कोणीतरी झाकण उघडून आतली धूळ झटकलेली असते. महिनाभरात तीच तक्रार परत येते आणि तोपर्यंत एका मॉड्यूलचे पैसे गेलेले असतात.

पॉवर सप्लाय आणि पंखा ही दोन वेगळी प्रकरणे समजून दोष शोधू नये. पंख्याला वीज देतो तो पॉवर सप्लाय आणि पॉवर सप्लायला जगवतो तो पंखा. म्हणून सप्लाय जळालेला दिसला तर तो कशाने तापला हे पाहावे, आणि पंखा थांबलेला दिसला तर त्याच्या तारांवर व्होल्टेज येते आहे का हे आधी मोजावे. पुढील पद्धत मी ५० वॅटपासून एक किलोवॅटपर्यंतचे सॉलिड स्टेट (व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारे) एफएम ट्रान्समीटर आणि हौशी रेडिओचे १०० वॅटचे एचएफ (शॉर्टवेव्ह) संच डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे.

झाकण उघडण्याआधी

यंत्र चालू असेल तर ते बंद करण्याची घाई करू नये. फॉरवर्ड पॉवर (अँटेनाकडे जाणारी शक्ती), रिफ्लेक्टेड पॉवर (तिथून परत येणारी शक्ती), पीए म्हणजे पॉवर अँप्लिफायरचे व्होल्टेज, पीए करंट, हीट सिंकचे (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचे) तापमान, पंख्यांचा वेग आणि शेवटचे अलार्म वहीत उतरवून घ्यावेत, किंवा निदान पडद्याचा फोटो काढावा, कारण काही यंत्रांत वीज गेली की अलार्मची नोंदही पुसली जाते आणि मग सारा शोध अंदाजावर चालतो.

या आकड्यांतला रिफ्लेक्टेड पॉवरचा आकडा सर्वांत आधी वाचावा. एसडब्ल्यूआर (अँटेना ट्रान्समीटरशी किती जुळते हे सांगणारे प्रमाण) १.५ असताना सुमारे ४ टक्के शक्ती परत येते, २ असताना सुमारे ११ टक्के. पावसाळ्यात गच्चीवरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरले की परत येणारी शक्ती वाढते, पीए जास्त तापतो, यंत्र स्वतःहून आपली शक्ती उतरवते, आणि खाली बसलेल्या माणसाला वाटते की पॉवर सप्लाय दम टाकतो आहे. म्हणून अँटेनाची केबल काढून त्या जागी पुरेशा वॅटचा डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती उष्णतेत जिरवणारा रेझिस्टर) लावावा आणि तीच लक्षणे दिसतात का ते पाहावे. डमी लोडवर यंत्र तासभर निर्धास्त चालले तर दोष बहुधा गच्चीवर आहे. लोड न लावता ट्रान्समीटर एक क्षणही चालवू नये.

त्यानंतर भिंतीवरच्या सॉकेटमधले व्होल्टेज मोजावे, आणि ते यंत्र पूर्ण शक्तीवर चालू असतानाच मोजावे. नुसते उभे असलेले सॉकेट २३० व्होल्ट दाखवते, पण गच्चीपर्यंत जुन्या, बारीक वायरने आलेल्या लाइनवर लोड पडताच तो आकडा किती उतरतो, हे पाहायचे असते. एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा पॉवर सप्लाय) व्होल्टेज उतरले तरी तेवढीच शक्ती ओढण्यासाठी जास्त करंट घेतो आणि जास्त तापतो. जुन्या इमारतींत याच्या उलटही घडते. तीन फेजच्या मीटर पेटीत न्यूट्रल सैल झाला की एखाद्या फेजवरचे व्होल्टेज ३०० च्या वर जाते, थेट ४०० च्या जवळही पोहोचू शकते. इमारतीतले दिवे कधी मंद, कधी प्रखर होत असतील तर ट्रान्समीटरचा प्लग काढावा आणि आधी वायरमनला बोलवावे.

हात घालण्यापूर्वीची काळजी

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वगळू नये. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय केल्यावर मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठते, आणि पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट) असलेल्या सप्लायमध्ये ते ३८० ते ४०० व्होल्ट असते. प्लग काढल्यावरही हा साठा राहतो. ४७० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टला सुमारे ३८ ज्यूल ऊर्जा असते आणि तेवढी माणसाला धोका पोहोचवायला पुरते. समोरचे बटण बहुतेक यंत्रांत केवळ स्टँडबायचे असते, म्हणून प्लगच काढावा. यंत्र यूपीएसवर असेल तर इमारतीचा एमसीबी पाडूनही ते जिवंत राहते, हेही ध्यानात ठेवावे.

कपॅसिटर रिकामा करण्यासाठी पेचकसाने ठिणगी पाडण्याची सवय सोडावी. ४.७ किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर, त्याला दोन चांगल्या इन्सुलेशनच्या तारा आणि टोकाला प्रोब, एवढे साधन पुरते. वरच्या उदाहरणातला कपॅसिटर या रेझिस्टरने दहा-बारा सेकंदांत जवळजवळ रिकामा होतो. तरीही मीटरने शून्य पाहिल्याशिवाय बोट लावू नये. प्रायमरी (मेन्सकडच्या) बाजूची ग्राउंड म्हणजे अर्थ नव्हे. तिथे ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप लावली तर स्फोट ठरलेलाच आहे, त्यामुळे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा डिफरन्शियल प्रोब नसेल तर त्या बाजूला मल्टिमीटरवरच भागवावे.

जुन्या आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या) ट्रान्झिस्टरच्या पांढऱ्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असू शकते. त्याची धूळ फुफ्फुसाला घातक असते, म्हणून असा भाग फोडू, घासू किंवा कापू नये. व्हॉल्व्हचे ट्रान्समीटर हजारो व्होल्टवर चालतात. तिथे शॉर्टिंग रॉड (साठलेला चार्ज अर्थला उतरवणारी दांडी) लावल्याशिवाय आत हात घालू नये, एकट्याने काम करू नये, आणि यंत्र बंद केल्यावर ब्लोअर लगेच थांबवू नये, कारण व्हॉल्व्हमधली उष्णता निघून जायला काही मिनिटे वारा लागतोच.

पॉवर सप्लायचा तपास

फ्यूज उडाला असेल तर तो फेकण्यापूर्वी उजेडात धरून पाहावा. काच स्वच्छ आणि तार मध्येच वितळून तुटलेली असेल तर ओव्हरलोड हळूहळू झाला, किंवा फ्यूज जुना होऊन दमला. काच काळी पडली असेल, आतून चंदेरी मुलामा चढल्यासारखी दिसत असेल, तर समोर साफ शॉर्ट होता आणि नवा फ्यूज लावणे म्हणजे तोही घालवणे. अशा वेळी आधी बाजूची एमओव्ही (जादा व्होल्टेज शोषून घेणारी चकती) पाहावी. ती काळवंडून फुटली असेल तर बाहेरून जादा व्होल्टेज आले होते. ती ठीक असेल तर ब्रिज रेक्टिफायर आणि स्विचिंग मॉसफेट डायोड मोडवर तपासावेत.

शंका असलेला सप्लाय पहिल्यांदा चालू करताना तो सिरीज लॅम्पवर लावावा. टेस्टिंग बोर्डावर १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब लाइनमध्ये सिरीजला असावा, एलईडी बल्ब इथे निरुपयोगी आहे. हल्ली तसा पिवळा बल्ब शोधावा लागतो, पण एखादा जपून ठेवण्यासारखा आहे. चालू करताच बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर कपॅसिटर भरला आणि पुढे शॉर्ट नाही. पूर्ण प्रकाशाने जळत राहिला तर प्रायमरीत शॉर्ट आहे. पीएफसीचे काही सप्लाय बल्बवर उघडझाप करत राहतात, त्यावरून लगेच दोष ठरवू नये.

सप्लायमधून ‘टिक, टिक’ असा ठराविक लयीत आवाज येत असेल आणि आउटपुट वर येऊन पडत असेल, तर तो सुरू होण्याचा प्रयत्न करून माघार घेतो आहे. याची कारणे मुख्यतः दोन असतात. एक म्हणजे पुढे शॉर्ट असणे. पीएची जोडणी काढून त्याच्या सप्लाय टर्मिनलचा ग्राउंडशी रेझिस्टन्स मोजावा. तो एक ओहमच्या आत असेल आणि मीटरच्या तारा उलटसुलट लावूनही तेवढाच राहत असेल तर एलडीमॉस (पीएमधला शक्ती देणारा) ट्रान्झिस्टर शॉर्ट झाल्याचा दाट संशय घ्यावा. दुसरे कारण म्हणजे पीडब्ल्यूएम आयसीला (स्विचिंगवर ताबा ठेवणाऱ्या चिपला) वीज देणारा लहानसा, बहुधा २२ किंवा ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुकणे. तो फुगलेला नसतो, वरून कोरा करकरीत दिसतो, आणि दोन-चार रुपयांचा हा भाग वीस-तीस हजारांचे मॉड्यूल भंगारात घालवतो. कित्येकदा अशा सप्लायला थोडी ऊब दिली की तो सुरू होतो, म्हणून रात्रभर बंद राहिलेले यंत्र सकाळी उठत नाही आणि एकदा उठले की दिवसभर चालते, असे लक्षण दिसले तर पहिला संशय याच कपॅसिटरवर घ्यावा. दुपारी बंद पडणाऱ्या यंत्राच्या हे नेमके उलट आहे.

सप्लाय एकटा तपासायचा तर त्याला लोड हवा. १३.८ व्होल्टच्या सप्लायला मोटारीचा १२ व्होल्ट, ५५ वॅटचा हेडलाइट बल्ब चालतो. ४८ व्होल्टच्या सप्लायला असे चार बल्ब सिरीजमध्ये लावले की साडेचार अँपिअरच्या आसपास करंट जातो. थंड फिलामेंट सुरुवातीला याच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे पहिल्या झटक्याला सप्लाय बसला तर घाबरू नये, दुसऱ्या-तिसऱ्यांदा पाहावे.

ऑडिओमध्ये गुणगुण येत असेल तर लोडवर असताना आउटपुटचे एसी व्होल्टेज मोजावे. फुल वेव्ह रेक्टिफायरनंतरची लहर १०० हर्ट्झची असते. ती ५० हर्ट्झची दिसली तर ब्रिजमधला एखादा डायोड उघडा पडला आहे. साध्या मल्टिमीटरला ही लहर दिसते, पण स्विचिंगच्या वेगाची, अनेक किलोहर्ट्झची लहर बहुतेक मीटरना दिसत नाही, ती पाहायला ऑसिलोस्कोपच लागतो. ती मोठी असेल तर सेकंडरीचे (आउटपुटकडचे) इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर बदलण्याची वेळ आली आहे.

हौशी रेडिओ चालवणाऱ्यांसाठी इथे एक वेगळी सूचना आहे. १०० वॅटचा संच बोलताना वीस-बावीस अँपिअर ओढतो. केबल, फ्यूज होल्डर आणि टर्मिनल मिळून अवघा ०.०५ ओहम रेझिस्टन्स असला तरी एक व्होल्टहून अधिक वाटेतच जातो. म्हणून सप्लायच्या टर्मिनलवर १३.८ दिसले म्हणून समाधान मानू नये, संचाच्या मागच्या सॉकेटवर प्रोब लावून बोलताना मोजावे. समुद्राजवळच्या घरांत फ्यूज होल्डरच्या आत हिरवी बुरशी धरल्यासारखा थर चढतो आणि तोच होल्डर हाताला गरम लागतो. त्याला घासत बसण्यापेक्षा तो बदललेला बरा.

कपॅसिटर किती टिकतो याचा हिशेब पंख्याशी बांधलेला आहे. तापमान दर १० अंशांनी वाढले की इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. १०५ अंशांना २,००० तासांचा कपॅसिटर ६५ अंशांवर सुमारे ३२,००० तास, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या यंत्रात साडेतीन वर्षांहून थोडा अधिक टिकेल, आणि तोच ७५ अंशांवर दोन वर्षेही काढणार नाही. फिल्टर तुंबल्याने वाढलेले १० अंश कोणत्याच अलार्ममध्ये दिसत नाहीत, पण मॉड्यूलचे अर्धे आयुष्य खाऊन जातात.

पंखा फिरतो आहे, पण वारा कुठे आहे

‘पंखा फिरतो आहे’ हे उत्तर मी ग्राह्य धरत नाही. पश्चिम उपनगरातल्या एका इमारतीच्या गच्चीवरील खोलीत ऑक्टोबरात मला बोलावले होते, तोवर तिथले मॉड्यूल दोनदा बदलून झाले होते. दोन्ही पंखे पूर्ण वेगाने फिरत होते, हीट सिंक मात्र ७१ अंशांवर होता. रॅकच्या मागे भिंतीत हवा बाहेर जाण्याची जाळी होती. पावसाची झड आत येते म्हणून जूनमध्ये कोणीतरी त्या जाळीवर टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटपट्टीने लावला होता. पावसाळाभर हवा थंड होती म्हणून निभावले, ऑक्टोबर हीट सुरू झाली आणि यंत्र दुपारी झोपू लागले. पुठ्ठा काढल्यावर अर्ध्या तासात हीट सिंक ५२ वर आला. पावसाचा बंदोबस्त नंतर बाहेरून तिरक्या पट्ट्यांची झडप लावून केला.

वारा पाहण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे उदबत्ती. ती हवा आत घेणाऱ्या बाजूपासून वीतभर अंतरावर धरावी. धूर सरळ आत ओढला जायला हवा. तो रेंगाळला, बाजूला वळला किंवा रॅकच्या मागून फिरून पुन्हा पुढे आला तर गरम हवाच परत आत जाते आहे. दोन पंख्यांपैकी एक बंद पडला असेल तर चालू पंख्याचा वारा बंद पंख्याच्या भोकातून उलटा निघून जातो आणि हीट सिंकपर्यंत पोहोचतच नाही. नवा पंखा येईपर्यंत ते भोक चिकटपट्टीने बंद करून आणि शक्ती कमी करून यंत्र चालवता येते.

किती वारा हवा याचा अंदाजही बांधता येतो. ५०० वॅट उष्णता बाहेर काढताना हवा १० अंशांपेक्षा जास्त तापू नये असे वाटत असेल तर तासाला सुमारे १५० घनमीटर, म्हणजे ८८ सीएफएम (मिनिटाला घनफूट) वारा लागतो. पंख्यावर लिहिलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. फिल्टर आणि हीट सिंकच्या पंखांमधून जाताना तो बराच उतरतो, म्हणून जेमतेम पुरणारा पंखा निवडू नये.

डीसी पंख्याला दोन, तीन किंवा चार तारा असतात. सहसा लाल म्हणजे प्लस, काळी म्हणजे मायनस, पिवळी वेगाची खबर देणारी आणि निळी वेग ठरवणारी. पिवळ्या तारेवर बहुतेक पंखे एका फेऱ्यात दोन पल्स देतात, त्यामुळे मल्टिमीटरच्या फ्रिक्वेन्सी रेंजवर १०० हर्ट्झ दिसले तर पंखा मिनिटाला ३,००० फेरे घेतो आहे. इथेच एक फसवणूक होते. तीन तारांचे काही पंखे पल्स देत नाहीत, फक्त ‘फिरतो आहे’ किंवा ‘अडकला आहे’ एवढेच पातळीने सांगतात. पल्स मोजणाऱ्या यंत्रात असा पंखा बसवला तर तो वादळासारखा फिरत असूनही पडद्यावर शून्य वेग आणि फॅन अलार्म दिसतो. बदली पंखा घेताना व्होल्टेज, आकार आणि जाडीबरोबर पिवळ्या तारेचा प्रकारही जुळवावा. १२ व्होल्टच्या सप्लायवर लावलेला २४ व्होल्टचा पंखाही फिरतो, पण त्याला वारा नसतो.

यंत्र बंद करून पात्याला बोटाने हलकेच फिरवावे. चांगला पंखा दोन-तीन फेरे मोकळा फिरून थांबतो. खरखर लागली, पाते मध्येच अडले किंवा आसाला खेळ जाणवला तर बेअरिंग गेले. शिलाई मशीनचे तेल टाकून तो आठवडाभर चालवता येतो, पण ते तेल धूळ धरते आणि आठवा दिवस नेमका सुट्टीचा निघतो. जुन्या यंत्रांतला २३० व्होल्टचा एसी पंखा बोटाने ढकलल्यावरच सुटत असेल तर बेअरिंगआधी त्याचा कपॅसिटर मोजावा. धूळ उडवताना ब्लोअरच्या झोताने पंखा गरगर फिरू देऊ नये. पाते धरून ठेवावे, कारण तसा फिरलेला पंखा उलटे व्होल्टेज तयार करतो आणि बेअरिंगही जाते.

पंखा थांबलेला असून तारांवर व्होल्टेज नसेल तर दोष पंख्यात नाही. वेग ठरवणारा थर्मिस्टर (तापमानानुसार रेझिस्टन्स बदलणारा भाग) तपासावा. नेहमीचा १० किलोओहमचा थर्मिस्टर २५ अंशांना १०, मुंबईच्या ३० अंशांच्या खोलीत सुमारे ८, आणि ५० अंशांना ३.६ किलोओहमच्या आसपास दाखवतो. त्याची तार तुटली तर यंत्राला हीट सिंक बर्फासारखा थंड असल्याचा भास होतो आणि काही यंत्रे पंखा फिरवायचेच सोडून देतात.

भाग घेताना आणि परत जोडताना

डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचा लॅमिंग्टन रोड, इथे जवळपास सर्व भाग मिळतात, पण डोळे उघडे ठेवून घ्यावे लागतात. भंगारातल्या सर्व्हरचे पंखे पुसून नव्यासारखे विकायला असतात. पात्याच्या मुळाशी, पुसणाऱ्याचे फडके पोहोचत नाही तिथे, काळी रेघ दिसली की तो पंखा परत ठेवावा. कपॅसिटर १०५ अंशांचा, लो ईएसआरचा (आतला रेझिस्टन्स कमी असलेला) आणि व्होल्टेजने जुन्याइतका किंवा किंचित वरचा घ्यावा. हीट सिंकवरची सुकलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसून नवी पातळ लावावी. जाड थर उष्णता अडवतो.

पंखा बसवताना चौकटीवरचा बाण पाहावा. बाण नसेल तर ज्या बाजूला आडव्या काड्या आणि लेबल असते, त्या बाजूने सहसा हवा बाहेर पडते. खोलीत एसी असेल तर पावसाळ्यात तो १८-२० अंशांवर ठेवू नये. बाहेरच्या हवेचा दवबिंदू तेव्हा २५ अंशांच्या आसपास असतो, आणि दार उघडताच थंड पत्र्यावर पाणी धरते. २५ किंवा २६ अंश पुरेसे आहेत, आणि एसीचा झोत थेट यंत्रावर सोडू नये.

शेवटची चाचणी झाकण लावून, सर्व स्क्रू बसवून घ्यावी, कारण झाकण उघडे असताना हवेचा मार्गच बदलतो आणि ती चाचणी फसवी ठरते. डमी लोडवर पूर्ण शक्तीने किमान दोन तास, शक्यतो भर दुपारी, यंत्र चालवावे. दर पंधरा मिनिटांनी आत जाणाऱ्या हवेचे आणि हीट सिंकचे तापमान लिहावे. दोन्हींमधला फरक स्थिरावला की तो आकडा आणि तारीख कागदी पट्टीवर लिहून पंख्याच्या चौकटीवर चिकटवावी. पुढच्या फेरीत त्याच शक्तीवर तो फरक पाच अंशांनी वाढलेला दिसला तर अलार्मची वाट न पाहता आधी फिल्टर काढून धुवावा, आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवावा.